व्हेनिसच्या खाजणातून मोठी जहाजं काढली, ते योग्यच झालं

तांडेल (धागाकर्ता)

बारा वर्षं मी क्रूझच्या बोटींवर इंजिन खात्यात होतो. थर्ड इंजिनिअर म्हणून चढलो, सेकंड म्हणून उतरलो, आता रत्नागिरीत घरी असतो. परवा भाच्याचा फोन आला, "मामा, क्रूझने व्हेनिसला जायचंय, पण बोट रावेन्नाला लागते म्हणतात. मग व्हेनिस कुठे राहिलं?" रावेन्ना म्हणजे व्हेनिसपासून बसने दोन-अडीच तासांवरचं बंदर. त्याला सांगता सांगता अर्धा तास गेला, तरी मनातलं संपलं नाही. म्हणून हा धागा.

इंजिनवाल्याला बंदर दिसत नाही. बोट आत शिरताना आम्ही सगळे खाली कंट्रोल रूममध्ये स्टँडबाय असतो, ब्रिजवरून हुकूम येतात आणि आम्ही ते पाळतो. व्हेनिसला मी असा सात-आठ वेळा 'गेलो' होतो. २०११च्या मे महिन्यात चीफने एकदा सांगितलं, "आज तू वर जा, बघून ये." बोट नव्वद हजार टनांची, लांबी तीनशे मीटरच्या जवळपास. लिडो बेटाजवळच्या तोंडातून खाजणात, म्हणजे व्हेनिसभोवतीच्या उथळ पाण्यात, आलो. पुढे एक टग (मोठी बोट ओढणारी छोटी बोट), मागे एक टग. उजव्या हाताला सान मार्को, शहराचा मुख्य चौक, येणार हे सगळ्यांना माहीत, त्यामुळे अडीच हजार माणसं उजव्या कठड्याला. मी पण तिथेच. डोजच्या (जुन्या व्हेनिसच्या शासकाच्या) राजवाड्याचं छप्पर मी वरून पाहिलं. ज्या इमारतीकडे माणसाने मान वर करून बघावं, तिच्या कौलांवरचं शेवाळ मला दिसत होतं. मग ज्यूदेक्का कालवा लागला. डावीकडे तिसऱ्या मजल्यावर एक बाई दोरीवर चादर वाळत घालत होती. ती खाली राहिली, आम्ही वरून गेलो. तिने एकदाही आमच्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी चार तासांची शोअर लीव्ह, म्हणजे किनाऱ्यावर जायची सुट्टी, मिळाली. सान मार्कोला न जाता मी वॉटरबसने ज्यूदेक्का बेटावर गेलो. तिथे लोखंडी सामानाचं एक छोटं दुकान होतं, खिळे, स्क्रू, कड्याकोयंडे. मला चष्म्याचा बारीक स्क्रू हवा होता. फळीवर काचेच्या बरण्या ओळीने लावलेल्या. म्हातारा मालक स्क्रू शोधत असताना बरण्या किणकिणायला लागल्या. आधी अगदी हळू, मग दाराची काचही. मी बाहेर पाहिलं तर गल्लीच्या टोकाला पाण्याऐवजी पांढरी भिंत सरकत होती, दुसऱ्या कंपनीची बोट बाहेर निघाली होती. त्या फळीला पुढून लाकडाची पट्टी ठोकलेली होती. त्याने मला ती बोटाने दाखवली आणि हाताने बरणी पडल्याची खूण केली. आमच्याकडे इटालियन ऑफिसर असायचे, त्यामुळे थोडंफार कळायचं. पट्टी त्याने स्वतः मारली होती.

तो थरथराट मी बारा वर्षं निर्माण केला. व्हायब्रेशन मोजणं हे आमचं रोजचं काम, पण ते बोटीवरचं. काठावरचं कोणी मोजत नव्हतं.

नंतरचं बऱ्याच जणांना ठाऊक असेल. १३ जानेवारी २०१२ला कोस्ता कॉन्कोर्दिया जिल्यो बेटाला सलामी द्यायला काठाजवळून गेली, खडकावर आपटली, ३२ माणसं गेली. त्यानंतर दोनच महिन्यांत इटलीने ४० हजार टनांवरच्या बोटींना सान मार्कोसमोरून बंदी केली, पण अट घातली की पर्यायी मार्ग तयार झाल्यावर. मार्ग नऊ वर्षं तयार झाला नाही आणि बोटी जात राहिल्या. २ जून २०१९, रविवार सकाळ. एमएससी ओपेरा, ६५ हजार टन, ज्यूदेक्का कालव्यात ताब्याबाहेर गेली, टगचा दोर तुटला आणि सान बाझिल्योच्या धक्क्याला लागलेल्या प्रवासी नदीबोटीला तिने चेपलं. चार-पाच जण जखमी झाले. दोन टग लावूनही पासष्ट हजार टनांचं धूड थांबत नाही. हे मला कोणी समजावून सांगायला नको.

अखेर १ ऑगस्ट २०२१पासून खरी बंदी आली. २५ हजार टनांपेक्षा मोठी, किंवा १८० मीटरपेक्षा लांब, किंवा पाण्यावर ३५ मीटरपेक्षा उंच, किंवा आत फिरताना ०.१ टक्का किंवा त्याहून जास्त गंधकाचं तेल जाळणारी बोट सान मार्कोसमोर आणि ज्यूदेक्का कालव्यात येणार नाही. चारपैकी एक जरी लागू झालं तरी प्रवेश नाही. तो जलमार्गच राष्ट्रीय स्मारक ठरवला.

माझं म्हणणं सरळ आहे. जुन्या बंदरात केवढी बोट यावी हे तिथे राहणाऱ्यांनी ठरवावं, आणि ते मापाने ठरवावं. बोट चालवणाऱ्याने नाही, तिकीट काढणाऱ्याने नाही. तुमची मतं वाचायला आवडतील, विरोधीसुद्धा.

दीपस्तंभ

धागा मनापासून आवडला. ती पट्टी डोळ्यासमोर आली.

एक गैरसमज नेहमी होतो म्हणून लिहितो (मी जहाजबांधणीत आहे). इथे 'टन' म्हणजे वजन नव्हे. ग्रॉस टनेज हे बोटीच्या बंदिस्त जागेचं माप आहे, म्हणजे आकारमान. टायटॅनिक सुमारे ४६ हजारांची होती. २०२४ला आलेली आयकॉन ऑफ द सीज जवळपास २ लाख ४९ हजारांची, लांबी ३६५ मीटर. तेव्हा २५ हजारांची मर्यादा म्हणजे टायटॅनिकच्या निम्म्याच्या आसपास. आजच्या हिशेबाने ती छोटी बोट आहे.

सहलवाला

तांडेलसाहेब, तुमचा अनुभव मोठा आहे, पण मी दुसरी बाजू मांडतो. पुण्यात वीस वर्षं सहली नेतो. माझ्याकडे येणारे निम्म्याहून जास्त लोक साठीच्या पुढचे असतात. कोणाचा गुडघा बदललेला, कोणी व्हीलचेअरवर. रोज हॉटेल बदलणं, बॅगा ओढणं, व्हेनिसच्या पुलांच्या पायऱ्या चढणं त्यांना जमत नाही. क्रूझमध्ये बॅग एकदा उघडायची, जेवण सांगितलं तर बिनकांद्याचंही मिळतं, डॉक्टर बोटीवर असतो. या माणसांनी आयुष्यभर काटकसर केली. त्यांनी सान मार्को डेकवरून पाहिलं तर बिघडलं कुठे?

दुसरं, व्हेनिसला वर्षाला कोट्यवधी लोक येतात. साथीच्या आधी क्रूझचे प्रवासी होते सोळा लाखांच्या घरात. बाकीचे रेल्वेने, बसने, विमानाने आले. गर्दीचं खापर बोटीवरच का? आणि बंदीनंतर हमाल, टगवाले, माल पुरवणारे, गाइड यांचं काम गेलं, ते पण व्हेनिसचेच लोक ना?

पादोवाकर

मी गेली अकरा वर्षं पादोवात राहते, कामासाठी आठवड्यातून तीन दिवस व्हेनिसला जाते. @सहलवाला, तुमच्या सहलीतल्या आजीआजोबांच्या जागी माझे सासूसासरे होते, त्यामुळे तुमचा पहिला मुद्दा मला पटतो. दुसराही अर्धा पटतो. गर्दी बोटींनी एकट्याने केली नाही.

पण फरक असा आहे. रेल्वेने आलेली माणसं दिवसभर पांगून येतात. बोट तीन हजार माणसं एका तासात उतरवते, ती सगळी सान मार्को ते रियाल्तोचा पूल या एकाच वाटेने जातात, आणि रात्रीचं जेवण बोटीवर म्हणून संध्याकाळी परत. त्या वाटेवरचं भाजीचं दुकान गेलं, मुखवट्यांचं आलं. चांभार गेला, मग चुंबकं विकणारा आला. हे मी माझ्या अकरा वर्षांत पाहिलंय.

रियाल्तोजवळ काम्पो सान बार्तोलोमेओमध्ये एका औषधाच्या दुकानाच्या काचेत आकड्यांची पाटी आहे. ऐतिहासिक शहरात किती लोक राहतात तो आकडा तिथे लाल दिव्यांत दिसतो. २००८पासून आहे. १९५१ला तिथे पावणेदोन लाख लोक राहायचे. मी आले तेव्हा आकडा ५५ हजारांच्या वर होता. ऑगस्ट २०२२मध्ये तो ५० हजारांच्या खाली गेला. त्या दिवशी त्या काचेसमोर एक आजोबा मोबाइलवर फोटो काढत होते. फोटो काढून झाल्यावर ते तिथेच उभे राहिले, बराच वेळ.

बंदी वरून मिळालेली नाही, हे पण सांगायला हवं. 'नो ग्रांदी नावी', म्हणजे 'मोठी जहाजं नकोत', असं म्हणणारी समिती २०१२पासून झगडत होती. २०१३च्या सप्टेंबरात लोकांनी ज्यूदेक्का कालव्यात उड्या मारून बोटी खोळंबवल्या. २०१७च्या जूनमध्ये त्यांनी स्वतःच मतदान घेतलं, चौकाचौकांत टेबलं मांडून. सुमारे १८ हजार लोकांनी मत दिलं आणि जवळजवळ सगळ्यांचं मत होतं की मोठी जहाजं खाजणाबाहेर जावीत. त्याला कायद्याचं बळ नव्हतं. तरी लोक रांगेत उभे राहिले. शेवटी युनेस्को शहराला धोक्यातल्या वारशाच्या यादीत टाकणार अशी वेळ आली, तेव्हा रोममधल्या सरकारने हालचाल केली.

दीपस्तंभ

@पादोवाकर, 'खाजणाबाहेर' हा शब्द महत्त्वाचा आहे. कारण बोटी खाजणाबाहेर गेलेल्याच नाहीत.

बंदी फक्त सान मार्को आणि ज्यूदेक्कापुरती. काही मोठ्या बोटी आता खाजणाच्या मालामोक्को या दुसऱ्या तोंडातून आत येतात आणि मार्गेराच्या कारखान्यांच्या धक्क्याला लागतात. हा मार्ग १९६०च्या दशकात तेलवाहू जहाजांसाठी खणला, त्याला 'तेलाचा कालवा' असंच म्हणतात. आता गणित बघा. व्हेनिसचं खाजण साधारण ५५० चौरस किलोमीटरचं, पण खोली बहुतेक ठिकाणी कमरेएवढी-छातीएवढी. त्यात हा सरळ, दहा मीटरहून खोल चर.

अशा चरातून मोठी बोट जाते तेव्हा नुसती लाट उठत नाही. बोट पाणी पुढे ढकलते, मग दोन्ही बाजूंचं पाणी तिच्याकडे ओढलं जातं. कडेच्या उथळ चिखलावरचं पाणी क्षणभर ओसरतं आणि बोट पुढे सरकली की जोराने परत येतं. कोकणातल्या खाडीत बार्ज गेला की काठावरच्या होड्या आधी खाली बसतात आणि मग उसळतात, ते आठवा. इथे तेच, पण शंभरपट मोठ्या बोटीने. दर फेरीला चिखल ढवळतो, कालव्यात पडतो, ओहोटीबरोबर समुद्रात जातो. खाजणातला गाळ कमी होत गेला की खाजणाची उपसागरासारखी अवस्था होते. आणि व्हेनिस उभं आहे ते चिखलात ठोकलेल्या लाकडी खांबांवर. चिखलात, हवेविना, म्हणून ती लाकडं शेकडो वर्षं टिकली.

त्यामुळे २०२१चा निर्णय मी अर्धा मानतो. दिसणारी बोट हलवली, पाणी ढवळणारी बोट आहे तिथेच आहे.

तांडेल

दीपस्तंभ, शंभर टक्के खरं. मी मूळ लेखात हे लिहायला हवं होतं. खाजणाच्या तोंडाबाहेर खुल्या समुद्रात धक्का बांधायचा विचार चालू आहे, तो पुरा होईपर्यंत मार्गेरा 'तात्पुरतं' आहे. तात्पुरतं किती वर्षं टिकतं हे २०१२ ते २०२१ने दाखवलं.

तेलाचं थोडं सांगतो, कारण तो माझा विषय. त्या अटीतलं ०.१ टक्का गंधक ऐकायला फार थोडं वाटतं. रस्त्यावरच्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत दहा भाग असतं. ०.१ टक्का म्हणजे दहा लाखांत हजार. बोटीचं 'स्वच्छ' तेल तुमच्या गाडीच्या डिझेलपेक्षा शंभरपट गंधकाचं. आणि धक्क्याला लागली म्हणून बोट बंद होत नाही. एसी, स्वयंपाकघर, लाँड्री, लिफ्ट, सगळ्यांना वीज लागते, जनरेटर दिवसरात्र चालू. किनाऱ्यावरून वीज घेतली तर जनरेटर बंद ठेवता येतात. माझ्या बारा वर्षांत अशी जोडणी मी दोनच बंदरांत केली.

सावंतवाडीकर

मी अजून बोटीवर आहे, हाउसकीपिंगला. सिंधुदुर्ग आणि गोव्याची किती मुलं या धंद्यात आहेत ते इथल्यांना सांगायला नको. आमच्या वाडीतून सात जण. घराची कौलं बदलली, बहिणीचं लग्न झालं, सगळं या पगारावर.

बंदीने आमची नोकरी जाते असं मला वाटत नाही. एका बंदराने नको म्हटलं की कंपनी दुसरं बंदर घेते. आमची जाते ती शोअर लीव्ह. आधी बोट व्हेनिसच्या मारित्तिमा धक्क्याला लागायची, दोन तास सुट्टी मिळाली तरी चालत जाऊन घरी व्हिडिओ कॉल करता यायचा, आईला चर्च दाखवायचो. आता लांबच्या बंदरात लागली की पॅसेंजर बसने दोन-अडीच तासांवर जातात, आम्ही गेटजवळच्या वायफायवर बसतो. म्हणून बंदी नको असं म्हणत नाही. बंदर बदलताना बोटीवरच्या हजारभर कामगारांचा विचार कोणी करतं का, एवढंच विचारतो. आय माका विचारता, "आता चर्च कित्या दाखवणस नाय?"

तांडेल

सावंतवाडीकर, तुझा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात खरा आहे, आणि तो कुठल्याच हुकमात येत नाही. लांबच्या बंदरात कर्मचाऱ्यांसाठी शटल बस ठेवणं कंपनीला अवघड नाही. पॅसेंजरांच्या चाळीस बसमध्ये एक वाढेल.

सातासमुद्रापार

अमेरिकेतलं एक उदाहरण. फ्लोरिडाचं की वेस्ट, जुनं बंदर, छोटं गाव. नोव्हेंबर २०२०मध्ये तिथल्या लोकांनी मतदान करून ठरवलं की १३०० पेक्षा जास्त माणसांची बोट नको आणि दिवसाला १५०० पेक्षा जास्त प्रवासी उतरायला नकोत. साठ टक्क्यांहून जास्त मतं पडली. पुढच्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून ते मतदान रद्दबातल केलं.

उलट अलास्कात जुनोला ऑक्टोबर २०२४मध्ये 'शनिवारी मोठ्या बोटी नकोत' असा ठराव मतदानाला आला आणि पडला. गाव बत्तीस हजारांचं, मोसमात येणारे प्रवासी सोळा लाखांच्या पुढे, आणि दुकानदारी सगळी त्यावर. तरी नगरपालिकेने कंपन्यांशी करार करून दिवसाला पाचच मोठ्या बोटी असं ठरवून घेतलंय. 'गावाने ठरवावं' हे तांडेलांचं म्हणणं मला मान्य आहे, पण गाव कधी 'येऊ द्या' असंही म्हणेल, तेही मानावं लागेल.

तांडेल

मानतो. जुनोने मत देऊन ठरवलं, ते त्यांचं. की वेस्टचं मत काढून घेतलं, ते चुकीचं.

भटकभवानी

क्रोएशियातल्या दुब्रोवनिकला दोनदा गेले, २०१६ आणि २०२३. पहिल्या वेळी पिले दरवाजातून आत शिरायला पंचवीस मिनिटं लागली, पुढच्याची पाठ सोडून काही दिसलं नाही. त्याच सुमारास युनेस्कोने बजावलं होतं की तटबंदीच्या आत एका वेळी आठ हजारांपेक्षा जास्त माणसं नकोत. नंतर नगरपालिकेने कंपन्यांबरोबर बसून बोटींच्या वेळा विभागल्या, एका वेळी दोन बोटी, चार हजार प्रवासी. २०२३ला गर्दी होतीच, पण स्त्रादूनवर, म्हणजे तिथल्या मुख्य रस्त्यावर, चुनखडीचा गुळगुळीत दगड दिसत होता आणि एक मुलगा त्यावर फुटबॉल खेळत होता. बंदी न घालताही फरक पडतो, नुसत्या वेळापत्रकाने.

खाडीकिनारी

थोडं अवांतर. २०२५मध्ये मुंबईत बॅलार्ड पिअरच्या नव्या क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. घारापुरीची लेणी आणि व्हेनिस युनेस्कोच्या यादीत एकाच वर्षी आली, १९८७ला. आपणही आत्ताच नियम करायला हवेत का?

तांडेल

मुंबईची गोष्ट वेगळी आहे. बोट बंदराच्या हद्दीत लागते, कोणाच्या खिडकीखालून जात नाही, बंदरही ऐसपैस आहे. मी तिथे आकाराची बंदी मागणार नाही. किनाऱ्यावरची वीज मात्र जरूर मागेन, कारण फोर्ट आणि कुलाब्याची माणसं त्या धुराच्या वाऱ्यात राहतात. घारापुरीच्या होड्यांचा प्रश्न आहे, त्यावर कोणीतरी जाणकाराने वेगळा धागा काढावा.

भटकभवानी

तांडेल, त्या दुकानात नंतर कधी गेलात का?

तांडेल

गेलो. २०२३च्या ऑक्टोबरात, बायकोला घेऊन, व्हेनिससमोरच्या किनाऱ्यावरच्या मेस्त्रेहून रेल्वेने. दुकान आहे. म्हातारा नाही, मुलगी बसते. बरण्या त्याच फळीवर, पट्टीही तिथेच. मी तिला म्हटलं, आता काढायला हरकत नाही. तिने "थांबा" अशी खूण केली. थोड्या वेळाने धक्क्याला वॉटरबस लागली, मागोमाग मोटारबोटीच्या दोन टॅक्स्या वेगाने गेल्या, आणि काठावर पाणी फटाफट आपटलं. बरण्या वाजल्या नाहीत. पण ती म्हणाली की दाराच्या उंबऱ्याखालचे दगड या लाटांनी सुटतायत, ते मला बाहेर नेऊन दाखवले. दोन दगडांच्या मधल्या फटीत माझी चार बोटं आत गेली. मोटारबोटींच्या वेगावर मर्यादा आहे, पाळत कोणी नाही असं तिचं म्हणणं.

पादोवाकर

'मोतो ओंदोझो' म्हणतात त्याला, लाटांचा मार. हा प्रश्न क्रूझच्या आधीपासूनचा आहे आणि नंतरही राहिला. वल्ही मारणाऱ्या मंडळांचे लोक यावर वर्षानुवर्षं बोलतायत, ते उभ्याने वल्हवतात, त्यामुळे प्रत्येक लाट त्यांच्या पायाला कळते.

सहलवाला

सगळे प्रतिसाद वाचले. माझ्या आजीआजोबांबद्दलचं माझं मत आहे तेच आहे, त्यांना समुद्रातून व्हेनिस बघायला मिळायला हवं, निदान छोट्या बोटीतून तरी. पण एक गोष्ट मान्य करतो. आमच्या पत्रकात 'व्हेनिस' छापतो आणि बोट लागते रावेन्नाला. बसचे जाऊन-येऊन पाच तास आम्ही बारीक अक्षरात लिहितो. पुढच्या मोसमाच्या पत्रकात बंदराचं खरं नाव मोठ्या अक्षरात छापायला आज सांगितलंय. तांडेल, तुमच्या भाच्याला माझा निरोप द्या, दोन रात्री मेस्त्रेत राहून रेल्वेने जा म्हणावं, स्वस्त पडेल.